पाच नंबरचा सेट

वाशी,
१२ जानेवारी २०२५

ती. सिद्रामअण्णा यांस हणमंतप्पाचा शरणु शरणार्थ.

माझा गौरीशंकर गेला, त्याच्या शिवगणाराधनेला तुम्ही सास्तूरहून आलात, पण मी तुमच्याशी दोन शब्दही बोललो नाही. मला तेव्हा कोणाशीच बोलता येत नव्हतं. तुमची बहीण गेल्यापासून आपला पत्रव्यवहारही थांबला होता. फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत आहे. म्हणून हे पत्र.

तुम्ही पोलीस वायरलेसमध्ये तीस वर्षं काढलीत. मला हातातले वॉकीटॉकी सेट निवडायचे आहेत. गौरीशंकरचा जीपवाल्यांचा ग्रुप तुम्हाला माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी पाच गाड्या घेऊन हे लोक बालाघाटाच्या डोंगरात, जिथे रस्ता नाही तिथे जायचे. ऑक्टोबरनंतर सगळं बंद होतं. आता भीमाशंकर वगैरे पोरं पाडव्यानंतर परत निघायचं म्हणतात. परवा दुकानात आली आणि म्हणाली, "अप्पा, या वेळी सेट तुम्ही निवडा. तुम्ही म्हणाल ते घेऊ." त्यांना वाटलं, यानं मला बरं वाटेल. मी हो म्हणालो, पण त्याचं कारण दुसरं आहे.

त्या दिवशी चारच्या सुमारास गौरीशंकरची जीप पवनचक्क्यांच्या माळाखालच्या ओढ्यात उलटली. बाकीच्या चार गाड्या वर होत्या. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, तेव्हा सेट त्याच्या हातात होता. माझी सून शिवप्रिया म्हणते, त्यांनी हाका मारल्याच असणार, पुढच्या गाडीतल्या प्रसेनजितनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रसेनजित म्हणतो, एक शब्दही आला नाही. नोव्हेंबरात ती त्याच्या गॅरेजच्या दारात गेली आणि चारचौघांत त्याला खुनी म्हणाली. तेव्हापासून आपले लोक त्याच्याकडे गाडी लावत नाहीत. काही जण त्याच्या जातीवरही गेले. ते इथे लिहीत नाही. तो गौरीशंकरचा पाचवीपासूनचा मित्र.

दोघांतलं एक कोणीतरी चुकतं आहे. ते कळल्याशिवाय मी त्या पोरांना कोणताही सेट सांगणार नाही. तर चांगला सेट कसा ओळखायचा आणि ओढ्यातून माळावर आवाज पोचतो की नाही, हे दोन्ही कळवा.

नात राजी आता पाच वर्षांची झाली. शाळेत जाते.

आपला,
हणमंतप्पा


सास्तूर,
२२ जानेवारी २०२५

श्री. हणमंतप्पा दाजी यांस सिद्रामप्पाचा शरणु शरणार्थ.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. घरातले लोक माझ्याशी ओरडून बोलतात आणि तरीही मला खोटं सांगतात. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

आधी सेटचं. डब्यावर दहा-पंधरा किलोमीटर छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तेवढं अंतर आवाज चंद्रावर जात असेल. आपल्या डोंगरात मध्ये टेकडी आली की एक किलोमीटरही मिळायचा नाही. ताकद जास्त म्हणून परवाना लागणारा सेट पोरं ऑनलाइन मागवतात, तसला घेऊ नका. परवाना न लागणारे मिळतात, तेच घ्या. पाचही एकाच बनावटीचे. बॅटरी काढून दुसरी घालता आली पाहिजे. बटण मोठं पाहिजे, धक्के खाताना न बघता दाबता आलं पाहिजे. गाडीत सेट लोंबकळत ठेवू देऊ नका, छातीशी अडकवायला सांगा. आणि शेवटची गाडी कायम अनुभवी माणसाची ठेवा. पुढचा चुकला तर मागचे बघतात, मागचा चुकला तर कोण बघणार?

पाऊस, धूळ चालेल असा सेट घ्या. रंग भडक घ्या. काळा सेट गवतात पडला की गेला.

आणखी एक म्हणजे कोड. एका चॅनेलवर दहा ठिकाणचे लोक बोलत असतात. कोड लावला की आपला सेट फक्त आपल्याच मंडळींचं ऐकतो, बाकीच्यांची बडबड कानावर येत नाही. आमच्या वेळी हे नव्हतं. लातूरचा फौजदार कोणाला शिव्या देतोय हे धाराशिवात बसून ऐकायला मिळायचं.

आता दुसरा प्रश्न. ओढ्यातून माळावर आवाज पोचतो की नाही, हे इथे बसून सांगता येत नाही. अंतर किती होतं? सेट कोणत्या बनावटीचे, कोणी आणले, कोणी लावून दिले? त्याचा सेट तुमच्याकडे आहे का? त्याला मध्ये काही झालं होतं का, पडला, भिजला, दुरुस्त केला? सगळं लिहा. क्षुल्लक वाटलं तरी लिहा. आमच्या खात्यात सेट बिघडला की आम्ही आधी सेट नाही उघडायचो, आधी माणसाला विचारायचो.

जेवत जा.

तुमचा,
सिद्रामप्पा


वाशी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सिद्रामअण्णा यांस शरणु शरणार्थ.

तुम्ही विचारलंत ते सगळं लिहितो.

पाच सेट गौरीशंकरने सोलापुरातून आणले, दोन वर्षांपूर्वी. विकणाऱ्यानेच एक नंबरच्या चॅनेलवर कोड लावून दिला. त्यावर एक ते पाच आकडे रंगाने टाकले. पाच नंबर गौरीशंकरचा. तो शेवटच्या गाडीत असायचा. सगळे सेट आमच्या दुकानातच चार्जिंगला असत, कारण आपलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, तिथे प्लगा भरपूर.

अंतराचं प्रसेनजितने सांगितलं. संध्याकाळी हे चौघे ज्या फाट्यावर उभे राहून त्याला हाका मारत होते, तिथून ओढा दोन-तीनशे मीटरवर आहे. मध्ये झाडी आहे. फाट्यावर वाशीकडच्या बाजूला टायरचे ठसे दिसले. दुपारी चहाला थांबले तेव्हा भीमाशंकरने त्याची चेष्टा केली होती, "गौऱ्या, तुझी जीप न्हाय, बैलगाडी हाय. मागून कासरा दे पाठवून." मागे एकदा असंच झालं होतं तेव्हा तो चिडून घरी निघून आला होता. सेटवरही त्याचं काही येत नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं, आताही रुसून घरी आला. आम्हाला घरी वाटलं, मुक्काम डोंगरातच आहे. मोबाइलला तिथे रेंज नाही. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंग छातीवर होतं, मोठ्यानं ओरडता येणं शक्य नव्हतं. सेटच काय तो होता.

सेट पोलिसांनी परत दिला. दुकानाच्या कपाटात आहे. मी तो काढलेला नाही.

मध्ये काही झालं होतं का, असं तुम्ही विचारलं. पडला नाही. खंडेनवमीला मी दुकानातली सगळी हत्यारं पुसून पूजेला मांडली, पाने, पक्कड, मीटर, वाइंडिंगचं मशीन. हे सेटही मांडले. पाचव्यावर हळदीचं पाणी जास्त पडलं. पुसून चालू केला तर पडद्यावर नुसत्या रेघा. सोलापूरवाल्याने सांगून ठेवलं होतं, अडकला तर बॅटरी काढून घाला आणि बटण दाबून धरून चालू करा. तसं केलं. लगेच नव्यासारखा सुरू झाला. प्रसेनजित पूजेनंतर एक सेट घेऊन गेला होता, गॅरेजमधून त्यावर बोलत होता, त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. खरं तर आधीपेक्षा चांगला चालायला लागला. माळावरच्या पवनचक्कीच्या राखणदारांचं बोलणं पूर्वी कधी येत नसे, तेही यायला लागलं. गौरीशंकर हसून म्हणाला, "अप्पा, तुमच्या पूजेनं सेटची रेंज वाढली."

आठवड्याने ते डोंगरात गेले.

शिवप्रियाला मी सांगितलं की तुम्हाला पत्र लिहिलं आहे. ती म्हणाली, "मामंजी, मामा वायरलेसचे माणूस. त्यांनी लिहून दिलं की आवाज पोचत होता, तर मी पोलिसांत देणार आहे." मी म्हणालो, आणि पोचत नव्हता असं लिहिलं तर? ती म्हणाली, "तर मग माझं तोंड मी बंद करते." ती बोलली तसं करील, तुम्हाला माहीत आहे.

आपला,
हणमंतप्पा


सास्तूर,
१७ फेब्रुवारी २०२५

श्री. हणमंतप्पा दाजी यांस.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. थोडा तापही होता.

झाडी आणि ओढ्याचा खोलगट भाग, यात आवाज अडकतो. दोन-तीनशे मीटर हे कमी वाटत असलं तरी मध्ये काठ आला की अडकतो. प्रसेनजित खरं बोलतो आहे. सूनबाईला तसं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

जुने सेट आता वापरू नका. पाच नंबरचा तर नकोच. तो उघडत बसू नका, चालूही करू नका, ओलावा जाऊन आतून गंजला असेल. कोणाला तरी देऊन टाका नाहीतर पुरून टाका. पोरांना नवे घ्यायला सांगा आणि हा विषय इथे संपवा.

राजीला आशीर्वाद.

सिद्रामप्पा


वाशी,
९ मार्च २०२५

ती. सिद्रामअण्णा यांस शरणु शरणार्थ.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही इतकं लहान पत्र कधी लिहीत नाही. आणि ओलावा जाऊन गंजला असेल हे तुम्ही मला लिहिलंत. मी चाळीस वर्षं भिजलेल्या मोटारी उघडतो आहे. हळदीच्या चार थेंबांनी काय होतं आणि काय होत नाही, हे मला कळतं. तुम्हालाही कळतं.

मी सेट काढला. चार्जिंगला लावला. सुरू झाला. भीमाशंकरकडून दोन नंबरचा मागून आणला. दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवले, मध्ये वीतभर जागा. दोनवर बोललो, पाचमधून आवाज आला. पाचवर बोललो, दोन गप्प. परत केलं. बॅटऱ्या बदलून केलं. शटर खाली ओढून परत केलं. दुपारी चारपर्यंत तेच करत होतो. वीतभर अंतरावरून आवाज जात नव्हता अण्णा. झाडीचा आणि काठाचा काही संबंध नाही.

मग सोलापूरवाल्याला फोन केला. नाव सांगितलं नाही. विचारलं, बटण दाबून धरून चालू केला तर काय होतं. तो म्हणाला, "सगळं पुसलं जातं काका, कोड परत लावून घ्यावा लागतो. नाहीतर त्याला सगळ्यांचं ऐकू येईल, त्याचं कुणालाच नाही." त्याने हे आधीही सांगितलं असेल. गौरीशंकरला सांगितलं असेल. मला आठवत नाही.

मी त्या दिवशी फक्त ऐकून बघितलं. पाचवर बोलून बघितलं नाही. मोटार दुरुस्त केली की मी दोन्ही बाजूंनी फिरवून बघतो, गिऱ्हाइकासमोर बघतो. इथे ऐकू आलं म्हणून ठीक धरलं. राखणदारांचं ऐकू यायला लागलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी खूश झालो.

तुम्हाला माझ्या पत्रावरूनच कळलं होतं ना? एवढंच विचारतो.

शिवप्रियाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुमचं आधीचं पत्रही दाखवलेलं नाही.

आपला,
हणमंतप्पा


सास्तूर,
१५ मार्च २०२५

श्री. हणमंतप्पा दाजी यांस शरणु शरणार्थ.

हो, कळलं होतं. राखणदारांचं वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. दहा दिवस काय लिहावं ते सुचेना. शेवटी जे लिहिलं ते तुम्ही एका नजरेत ओळखलंत. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निरोप जसेच्या तसे पोचवले, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. घरच्या माणसाला पहिल्यांदा खोटा निरोप दिला. मला माफ करा.

तुमची चूक अशी आहे की ती कोणाच्याही हातून झाली असती. आमच्याकडे शिकलेले ऑपरेटर ती करायचे. तुम्ही त्यावरून स्वतःला दोष देत बसू नका.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सकाळी मी धाराशिवात सेटवर होतो. सास्तूरचे निरोप माझ्याच कानातून जात होते. अमुक गल्लीत कोणी उरलं नाही, तमुक गल्लीत उकरणं चालू आहे. आमची गल्ली आली तेव्हाही मी लिहून घेतलं आणि पुढे पाठवलं. मधे बोलायची परवानगी नव्हती. एवढंच सांगतो की ऐकणारा माणूस अगदीच एकटा नसतो. गौरीशंकरला मित्रांचे आवाज येत होते. ते त्याला शोधत आहेत हे त्याला माहीत होतं. हे थोडं नाही, दाजी.

पवनचक्कीवाल्यांचेही सेट कोडवाले असणार, म्हणून त्यांनाही त्याचं गेलं नाही. त्यांच्याकडे चौकशीला जाऊ नका.

आता कान देऊन ऐका. शिवप्रियाला हे सांगू नका. तिचा तुमच्यावर जो विश्वास आहे त्यावर ते घर उभं आहे. सांगितलंत तर ती राजीला घेऊन माहेरी जाईल. तुम्ही त्या घरात एकटे काय करणार? प्रसेनजित तरुण आहे, हाताला काम आहे, तो उभा राहील. माझं फेब्रुवारीचं उत्तर तिला दाखवा. प्रसेनजितही सुटेल आणि तुम्हीही. एका खोट्याने दोन घरं वाचत असतील तर ते खोटं मी माझ्या नावावर घेतो.

तुमचा,
सिद्रामप्पा


वाशी,
६ एप्रिल २०२५

ती. सिद्रामअण्णा यांस शरणु शरणार्थ.

शिवप्रिया आणि राजी गेल्या मंगळवारी तिच्या माहेरी, ईटला गेल्या. तिचा भाऊ जीप घेऊन आला होता. राजीचं शाळेचं दप्तर नेलं, खेळणी अर्धी राहिली आहेत. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. पण ते कसं झालं, हे तुम्हाला कळवणं भाग आहे.

तुमचं फेब्रुवारीचं उत्तर मी तिला दाखवायचं ठरवलं होतं. खिशात घालून दोन दिवस फिरलो. मग वाटलं, आधी प्रसेनजितला भेटावं. तो काय म्हणतो बघावं.

गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. त्याची आई भिमाबाई दारात बसली होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "आलात का तुमीबी? सून बोलून गेली, पाव्हणे बोलून गेले. आता तुमची बारी. बोला, मी ऐकती. माझं पोरगं आत हाय, त्याला नका बोलू, त्याच्यात आता काय राह्यलं न्हाय."

मी म्हणालो, बाई, मी बोलायला नाही आलो, सांगायला आलो आहे.

प्रसेनजित बाहेर आला. मी त्याला सगळं सांगितलं. खंडेनवमी, हळदीचं पाणी, बटण, काउंटरवरचे दोन सेट. माझं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "अप्पा, मला माहीत हाय."

मी विचारलं, कधीपासून?

"त्या सकाळपासनं. मी ओढ्याच्या काठानं सेटवर हाका मारीत चाललो होतो. गौऱ्या, बोल. गौऱ्या, बोल. आणि माझाच आवाज खालून झाडीतनं आला. त्या आवाजावरच तो सापडला. सेट चालू होता अप्पा. सगळं ऐकू येत होतं त्याला. मीच तो बंद केला."

"मग तू बोलला का नाहीस कोणाजवळ? पाच महिने शिव्या खातो आहेस."

तो म्हणाला, "काय बोलू? पूजेचं गौऱ्यानं आमाला सांगितलं होतं. हसत हसत सांगितलं होतं. म्हंजी कुणाच्या हातनं झालं ते मला लगेच कळलं. तुमच्या घरात मागं कोण राह्यलंय, तुमी आन वहिनी. ते बी तोडू का?"

मी म्हणालो, ते तोडायचं की नाही हे मी बघतो. तू माझ्या वाटणीचं का सोसायचंस?

तेव्हा तो खाली बसला. भिमाबाईला म्हणाला, "आई, तू आत जा." ती गेली नाही. मग तिच्यासमोरच बोलला. "अप्पा, तुमच्या वाटणीचं न्हाय. माझंच हाय. फाट्यावर आमी अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. मग मी सेटवर म्हणालो, चला रे, गौऱ्या रुसून घरी गेलाय, बायकोच्या हातची भाकरी खाऊन घोरत पडला असंल. सगळे हसले. माझं बटण दाबलेलं होतं. हसणंबी गेलं असंल. त्यानं शेवटचं आमचं हे ऐकलं. त्यानंतर आमी गाड्या चालू करून मुक्कामाला निघालो, ते बी ऐकलं असंल."

तुम्ही लिहिलं होतं, ऐकणारा अगदीच एकटा नसतो. मी ते त्याला सांगणार होतो. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात भीमाशंकरला आणि आपल्या चार जणांना बोलावलं आणि चूक माझी आहे, प्रसेनजितची नाही, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. भीमाशंकर म्हणाला, "अप्पा, तुमी थोडं झोपत जा." त्यांच्यातला शंकरप्पा सावकाश म्हणाला, "भिमाबाई येऊन रडून गेली का तुमच्याकडं?" मी दोन्ही सेट काढून दाखवले. त्यांनी बघितलं. बाहेर जाऊन म्हणाले, म्हातारा मुलाच्या दुःखानं खचला, कोणीही काहीही कबूल करून घ्यावं. हे मला शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. प्रसेनजितकडे अजून कोणी गाडी लावत नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याने गॅरेजचं सामान विकलं. आता तो पुण्याला कोणाच्या तरी हाताखाली काम करतो. भिमाबाई इथेच आहे.

ज्यांना पटायला पाहिजे होतं त्यांना पटलं नाही. जिला सांगायचं धाडस होत नव्हतं तिला एका दमात पटलं.

पाडव्याच्या दिवशी दुपारी राजी शेजारी खेळायला गेली होती. शिवप्रिया भांडी लावत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगितलं. तुमची दोन्ही पत्रं, खरं आणि खोटं, ओट्यावर ठेवली. तिने हात पुसून दोन्ही वाचली. रडली नाही. म्हणाली, "दाखवा मला."

मी दोन नंबरचा सेट तिच्या हातात दिला, बटण कुठलं ते सांगितलं. पाच नंबरचा घेऊन मी पुढे दुकानात गेलो. आपल्या घराची रचना तुम्हाला माहीत आहे, मध्ये माजघर आणि अंगण. मी बटण दाबून म्हणालो, शिवप्रिया, ऐकू येतंय का? तीन वेळा म्हणालो. तिच्याकडून काही नाही. मग माझ्या हातातला सेट बोलायला लागला. आधी तिचा श्वास आला. मग आवाज आला.

"मामंजी, तुम्हाला ऐकू येत असेल. समोर मला बोलता येणार नाही, म्हणून इथं बोलते. मी प्रसेनजितभावजींच्या दारात जाऊन काय काय बोलले, ते आता परत घेता येत नाही. मी राजीला घेऊन ईटला जाते. परत यायची नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही, मला कळतं. देवापुढं बसून केलं. पण रोज सकाळी तुमच्या हातात चहाचा कप द्यायचा, तेव्हा मला ते हात दिसणार. मी द्यायची नाही म्हटलं तरी घरात दुसरं कोण आहे द्यायला? मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी बटण दाबलं आणि बोलायला लागलो. जाऊ नको असं म्हणालो. मग जा म्हणालो. राजीच्या शाळेचं म्हणालो, ईटची शाळा चांगली आहे का बघून घे म्हणालो. गौरीशंकरची माफी मागितली, तिची मागितली. आयुष्यात मी इतकं सलग कधी बोललो नसेन. बटण सोडलं तेव्हा ती बोलत होती.

"तुम्ही काही म्हणत असाल तर मला इथं काहीच येत नाहीये, मामंजी."

मी परत बटण दाबलं.

आपला,
हणमंतप्पा